आत्याचं पाउझं

१४ जानेवारी

चि. भिंगरीस,

आत्याचे आशीर्वाद. परवा फोनवर आपण बोललो ते काही बोलणं नव्हतं, हजेरी होती. "बरी आहेस?" "बरी आहे." "जेवलीस?" "जेवले." एका बाजूला तुझे आतोबा कान लावून बसलेले, दुसऱ्या बाजूला दादा, म्हणजे तुझा बाप, फोन कधी हातात येतो याची वाट बघतोय. अशात काय बोलणार, कपाळ. म्हणून लिहायला घेतलं. पत्रात मध्ये कुणी तोंड घालत नाही, एवढं तरी सुख आहे.

तुला तिकडे जर्मनीत जाऊन आता चांगले दोन-अडीच महिने झाले. इस्पितळातले धुतलेले कात्र्या-चिमटे तपासून पेट्यांत लावायचे, हे तुझं काम मी इथे सगळ्यांना समजावून सांगते. लोकांना वाटतं तू भांडी घासतेस. मी म्हणते, घासत नाही, तपासते. मी इथे शर्टांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर बटण, शिवण, लोंबणारा दोरा बघते, तशी ती तिथे अवजारं बघते. आत्याची भाची आहे, डोळा घेऊनच जन्माला आलीय.

एप्रिलअखेर ते तुला कायम करणार की परत पाठवणार हे ठरणार आहे, हे दादा रोज एकदा तरी म्हणतो. परत आलीस म्हणून इथे तुला कुणी खाणार नाही. पण तू स्वतःला खाशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तेव्हा माझं एक ऐक. हात थांबू द्यायचा नाही. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा एखादी पेटी जास्तीची करायची. वरचे लोक बोलत नाहीत, पण बघत असतात. मी इतकी वर्षं काढली ती अशीच. सुट्टीत डबा उघडला, चार घास खाल्ले की मी उभी. आमच्याकडे सुट्टी संपल्याची घंटा होते तेव्हा आम्ही कधीच्या कामाला लागलेल्या असतो. डब्यावरून माझ्या आधी आजवर कुणी उठलेलं नाही.

आणखी एक. प्रत्येक पत्रात मला एक जर्मन शब्द पाठव. रोजच्या वापरातला हवा. नमस्कार-धन्यवाद नको, ते तर शेजारच्यांनाही येतात.

तुझी,
आत्या

---

२९ जानेवारी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र आलं तेव्हा मी जिन्यातच बसून वाचलं. मग खोलीत येऊन परत वाचलं.

माझं चांगलं चाललंय. आमची जागा इस्पितळाच्या तळघरात आहे, पण अंधारी नाही, उलट इतका उजेड की सावली पडत नाही. एका बाजूने वापरलेली अवजारं येतात. ती एक काका धुतात, म्हणजे मोठाल्या यंत्रांत घालतात. त्यांच्या मिशा पांढऱ्या आहेत आणि ते शीळ घालत काम करतात. तिथून अवजारं आमच्या टेबलावर येतात. प्रत्येक कात्री उघडून, भिंगाखाली धरून सांधा बघायचा, मग पेटीत आपल्या जागी ठेवायची. आमची मुख्य बाई सगळ्यांवर नजर ठेवून असते. तिचा चष्मा कायम कपाळावर असतो आणि ती तो कायम शोधत असते.

आता तुझा शब्द. पाउझं. पाऊस नव्हे, पाउझं. शेवटी ओठ उघडेच ठेवायचे, "केलं", "गेलं" म्हणताना ठेवतो तसे. अर्थ आहे कामाच्या मधली सुट्टी. इतका रोजचा शब्द दुसरा नाही. साडेदहा वाजले की काका दारातून ओरडतात, "पाउझं", आणि खोलीतले सगळे हात जागच्या जागी थांबतात. अर्धी कात्री उघडलेली असो नाहीतर पेटीत एकच चिमटा जायचा राहिलेला असो, टाकून जातात. हातमोजे काढले की शेजारच्या खोलीत. तिथे भिंतीला आकड्यांची एक रांग आहे, प्रत्येकाचा कप आपापल्या आकड्याला टांगलेला. कप उतरवायचा, अर्धा तास बसायचं, आणि काहीही करायचं नाही. खिडकीबाहेर बघतात गं, नुसते. बाहेर सायकली लावायची जागा आहे, त्यात बघण्यासारखं काय आहे ते त्यांनाच माहीत.

मी जात नाही. तू म्हणालीस तसंच करते. ते बसतात तेवढ्यात माझी एखादी पेटी जास्तीची होते. तहान लागली तर नळाचं पाणी ओंजळीने पिते. या खोलीत माझ्याएवढ्या पेट्या कुणाच्याच होत नाहीत. हल्ली बाकीचे माझ्याशी फारसं बोलत नाहीत. हेवा वाटत असेल.

तुझी,
भिंगरी

---

१२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

शाबास. जळणाऱ्यांना जळू दे, आपण आपलं काम करावं. तुझं पत्र मी दादाला वाचून दाखवलं, तर तो उगाच बाहेर जाऊन सायकल पुसत बसला. तो खूश झाला की सायकल पुसतो.

शब्द झकास आहे. मी तो दिवसभर तोंडात घोळवला. आतोबा दुपारी पेपर तोंडावर घेऊन पडले होते, त्यांना म्हटलं, तुमचं तर लग्न झाल्यापासून पाउझंच चाललंय. ते म्हणाले, "शिवी आहे का?" मी म्हटलं, जर्मन आहे. ते म्हणाले, "मग चालेल."

कारखान्यात बटणवालीलाही शिकवला. ती बटणाच्या यंत्रावर बसते ना, माझ्यासमोरच, तोंडाचा पट्टा चालू. ती म्हणाली, "आत्या, अर्धा तास नुसतं बसायचं? त्या देशात कामं होतात तरी कधी?" मीही तेच म्हणते. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. पण नुसता शब्द येऊन काय उपयोग, तो वापरतात कसा ते कळव. सुट्टी आपण घेतो, कधी काढतो, कधी मारतोही. तिकडे पाउझंचं काय करतात?

माझं बरं आहे. डावा पाय जरा जड वाटतो, बाकी ठणठणीत.

तुझी,
आत्या

---

३ मार्च

ती. आत्यास,

हे पत्र एकटीने वाच. दादांना दाखवू नकोस.

सोमवारी मुख्य बाईने मला तिच्या खोलीत बोलावलं. टेबलावर एक पेटी उघडी होती. वर शस्त्रक्रियेच्या खोलीतून परत आलेली. तिच्यातली एक कात्री बाईने उघडली आणि भिंग माझ्या हातात दिलं. सांध्यात तपकिरी डाग होता, वाळलेला. त्यांनी वर वेळेवर पाहिला म्हणून कुणाला काही झालं नाही. पेटीवर माझी सही होती, आणि वेळ होती पाउझंची.

बाईने विचारलं, त्या दिवशी पाउझं केलं होतं का? मला वाटलं, इथे तरी आपली बाजू भक्कम आहे. मी मान ताठ करून म्हटलं, "काइनं पाउझं." म्हणजे अजिबात नाही, एकदाही नाही. बाईने कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिला तो न शोधता सापडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मग ती सावकाश बोलली, मला समजावं म्हणून. म्हणाली, चूक कुणाकडूनही होते, तिच्यासाठी इथे कुणी घरी जात नाही. पण दमलेले डोळे घेऊन या टेबलाशी उभं राहायचं नाही, ही इथली पहिली शिस्त आहे, आणि ती तुम्ही आल्या दिवसापासून मोडताय. दुसरं असं, बाकीचे पाउझंला बसलेले असताना तुम्ही त्यांच्यादेखत काम करता. त्यांना वाटतं, तुम्ही त्यांना कामचुकार म्हणताय. एप्रिलअखेरपर्यंत शिकलात तर ठीक. नाहीतर मी तुम्हाला ठेवू शकत नाही.

आत्या, हेवा नव्हता तो. त्यांना माझा राग आला होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी हाक मारल्यावर मी गेले. बसले. लगेच उठले आणि टेबल पुसलं. मग सगळ्यांचे कप विसळायला घेतले. काकांनी माझ्या हातातून कप काढून घेतला, रागाने नाही, पण काढून घेतला. मग मी परत बसले आणि हात मांडीवर ठेवले. ते तिथे राहीनात. मला बसताच येत नाही गं. आपल्या घरात नुसतं बसलेलं मी कुणालाच पाहिलेलं नाही. आजारी पडलं तरी तू पडल्यापडल्या लसूण सोलायचीस. कात्र्या-चिमट्यांची जर्मन नावं पाठ करताना मला कधी जड गेलं नाही, आणि हा एवढासा शब्द जमत नाहीये.

तुझी,
भिंगरी

---

२० मार्च

चि. भिंगरीस,

पत्र एकटीनेच वाचलं. दादाला म्हटलं, तिकडे थंडी आहे, एवढंच लिहिलंय.

तुला काम करत राहा असं सांगणारी मीच. आता माघार घेते म्हण किंवा शहाणी झाले म्हण, पण बाई म्हणते तसं कर. बस म्हटलं की बस. परत येऊ नकोस. "काम जास्त केलं म्हणून घालवली" असं लोकांना सांगायला गेलं तर विश्वासही कुणी ठेवणार नाही.

आता बसायचं कसं ते सांगते. तू लहान होतीस, आई नसलेली, रात्री माझ्याजवळ झोपायचीस. झोप म्हणून लागायची नाही. इकडून तिकडे लोळायचीस, म्हणून तर नाव भिंगरी पडलं. मग मी पदराचं टोक तुझ्या मुठीत द्यायची. हाताला धरायला काही मिळालं की तू शांत. तिथे पदर कुठून आणणार, कप तरी धर. दोन्ही हातांनी धर. कप धरलेल्या हाताला दुसरं काम करता येत नाही.

एवढं सांगितलं, पण खरं विचारशील तर मलाही कुठे येतं. सध्या चार दिवस घरी आहे. पाहुणे आलेत म्हणून रजा काढली. बसून बसून अंगाला मुंग्या येतात. आज आतोबांच्या शर्टांची सगळी बटणं तपासली. एकही सैल निघालं नाही, म्हणून चिडचिड झाली.

पाउझंचं काय करतात ते तू सांगितलंच नाहीस.

तुझी,
आत्या

---

६ एप्रिल

ती. आत्यास,

पाहुणे कोण गं ते? मला आतोबांनी फोन केला होता. टेबलाशी उभ्या उभ्या तू खाली पडलीस. पाय सुजून खांब झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं की दिवसभर असं उभं राहिलात तर पुढच्या वेळी चालत येणार नाही. आणि मला लिहितेस, पाहुणे. वर मलाच धडे, दोन्ही हातांनी कप धर म्हणे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं मी म्हणत नाही, तू मोठी आहेस.

आतोबा आणखी एक म्हणाले. तुमचा सुपरवायझर, ज्याला तुम्ही शिट्टी म्हणता, त्याने तुला घरी सोडायला आलेल्या बटणवालीबरोबर निरोप पाठवला, पाय चालत नसतील तर बाईंनी आता घरीच बसावं. हे तू मला कधी सांगणार होतीस?

आता माझं ऐक. मी कप धरला. काकांनी त्यांचा जुना, कान तुटलेला कप मला दिला, गरम, दोन्ही हातांनीच धरावा लागतो असा. पहिले काही दिवस मी कपाकडेच बघत बसले. मग हळूहळू मान वर गेली. सायकलींपाशी एक मांजर येतं आणि रोज तीच एक सीट निवडतं. ते येईल की नाही यावर या लोकांच्या पैजा लागतात. इतके दिवस ते काहीच करत नाहीत असं मला वाटत होतं, आणि ते मांजराची वाट बघत होते. परवा मीही पैज लावली आणि जिंकले. काकांना माझे बूट पुसावे लागले.

आणि मंगळवारी काय झालं सांगते. एक मोठी पेटी चालू होती. हातात कात्री होती, बघून झालेली, पेटीत ठेवायची तेवढी बाकी होती. घड्याळावर नजर गेली. काका यंत्रात डोकं घालून होते, त्यांची हाक यायची होती. मी कात्री खाली ठेवली, हातमोजे काढले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "इश माखं येट्स्ट पाउझं." मी आता पाउझं करते. काकांनी यंत्रातून डोकं बाहेर काढून इतक्या जोरात शीळ घातली की मुख्य बाई बाहेर आली.

परत आल्यावर तीच कात्री उचलली. नुसती ठेवायची होती, पण उघडून बघितली. सांध्यात डाग होता. अर्ध्या तासापूर्वी याच डोळ्यांनी ती कात्री स्वच्छ म्हणून बाजूला काढली होती. मी ती परत धुवायला दिली आणि बाईला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "आता कळलं ना." कळलं, म्हटलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलंय. पाउझं घेत नाहीत, पाउझं करतात. जसा स्वयंपाक करतो, काम करतो, तसं. कुणी द्यावं लागत नाही.

तुमच्या कारखान्यातही जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाचीच आहे ना? भिंतीवर पाटी रंगवलेली आहे, मी लहान असताना तुझा डबा घेऊन यायची तेव्हा वाचलीय. मग त्या अर्ध्या तासाचं काय होतं? आत्या, तू उठतेस म्हणून बाकीच्या उठतात. शिट्टीला काही करावंच लागत नाही. तू उठली नाहीस तर काय होईल, याचा कधी विचार केलायस का?

तुझी,
भिंगरी

---

२४ एप्रिल

चि. भिंगरीस,

आतोबांच्या तोंडाला कुलूप घालायला हवं होतं. पण असू दे.

तुझं पत्र वाचून मला आधी राग आला. वाटलं, काल माझा पदर धरून झोपणारी आज मला शिकवते. पत्र डब्याच्या पिशवीत कोंबलं आणि कामावर गेले. चार दिवसांचा महिना झाला होता, कामावर परतल्यावरचा हा पहिलाच आठवडा. शिट्टी येता जाता माझ्या पायाकडे बघत होता. एकदा म्हणाला, "बाई, झेपत नसेल तर सांगा हं." गोड बोलण्याची पण एक धार असते. मी जरा जास्तच ताठ उभी राहिले.

दुपारी सुट्टी झाली. आम्ही कापडाच्या गाठोड्यांवर डबे उघडून बसलो. चार घास झाले, आणि मी डब्याला झाकण लावलं. झाकणाचा आवाज झाल्याबरोबर, भिंगरी, मी बघितलं, सगळ्यांच्या हातांना घाई लागली. बटणवालीने तोंडात मोठा घास कोंबला. कोपऱ्यातल्या दोघींनी अर्धा डबा तसाच बंद केला. माझ्या झाकणाचा आवाज म्हणजे त्यांची घंटा होती. इतकी वर्षं मी तो आवाज करत होते आणि मलाच तो ऐकू येत नव्हता.

मी उठले नाही. सोपं वाटतं लिहायला. पाय आपोआप उठायला बघत होते, दुखरासुद्धा. मी झाकण लावलेला डबा मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी गच्च धरला. बटणवाली अर्धी उठली, माझ्याकडे बघून परत बसली. म्हणाली, "आत्या, चक्कर येतेय का?" मी म्हटलं, नाही गं, खा सावकाश.

शिट्टी आला. गळ्यातली शिट्टी हातात धरलेली, पण वाजवायची कशाला, अजून सुट्टी चालू होती ना. त्याला सवय आमच्या पाठी बघायची. तोंडं बघून तो गोंधळला.

"काय बाई, बरं वाटत नाही का?"

"छान वाटतंय."

"मग बसलात का?"

"पाउझं करतेय."

"काय करताय?"

"पाउझं. भाची इस्पितळात कामाला आहे, तिकडे करतात. डोळे निवतात. नाहीतर कात्रीला डाग राहतो आणि माणूस जिवानिशी जातो. आपल्याकडे शर्ट जातील, एवढंच."

तो म्हणाला, "इथे तसलं काही नाही." मी म्हटलं, "आहे की, तुमच्या मागे." तो वळला. पाटीसमोर गाठोड्यांची चळत होती, वरची ओळ तेवढी दिसत होती. बटणवाली उठली, वरची दोन गाठोडी तिने खाली ओढली आणि पाटी मोकळी केली. जेवणाची सुट्टी, अर्धा तास. रंग अगदी नव्यासारखा, गाठोड्यांमागे इतकी वर्षं त्याला उजेडच लागलेला नाही. मग ती येऊन माझ्या शेजारी मुद्दाम मांडी घालून बसली, आणि तिच्यामागून एकेक करून सगळ्या.

तो म्हणाला, "मी वर सांगेन." सांगा, म्हटलं, आम्ही इथेच आहोत. भीती वाटत होती हे तुला म्हणून सांगते. नोकरी गेली असती तर आतोबांच्या पेपरशेजारी मी काय करणार होते? पण अगं, जाऊन सांगणार काय तो? की बायका सुट्टीत सुट्टी घेतात? तो आल्या पावली निघून गेला.

घंटा झाली तेव्हा मी बसलेली होते. बसून ऐकली की ती घंटा वेगळीच वाजते.

दुपारी टेबलाशी उभी राहिले तर दोरे असे दिसत होते जसे कुणी रंगवून ठेवलेत. संध्याकाळी घडी घालणाऱ्यांकडून परत आलेल्या शर्टांचा ढीग शिट्टीने दोनदा चाळून बघितला. नेहमीपेक्षा लहान होता. दुसऱ्या दिवशी आम्ही परत बसलो, तेव्हा तो दारातूनच मागे वळला.

तुझा निकाल या आठवड्यात ना? दादाने सायकल इतकी पुसलीय की तिचा रंग जाईल. लवकर कळव.

तुझी,
आत्या

---

१२ मे

ती. आत्यास,

कायम झाले.

फोनवर तुम्हाला सांगितलंच, पण दादा रडायला लागले आणि आतोबा मागून "काय झालं, काय झालं" करत राहिले, त्यामुळे खरी गोष्ट सांगायची राहूनच गेली. ती तुझ्यासाठी ठेवलीय.

मुख्य बाईने कागदावर सही केली आणि म्हणाली, तुमचा डोळा चांगला आहे हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तुम्ही तो टिकवाल की नाही, एवढंच बघायचं होतं. मग ती मला शेजारच्या खोलीत घेऊन गेली. पाउझंची वेळ नव्हती, तरी सगळे तिथे उभे होते. भिंतीवरच्या रांगेत एक नवा आकडा होता. काकांनी स्वतः ठोकला, जरासा वाकडा. त्याला एक कप टांगलेला, निळा, धड कान असलेला. मी तो नुसता बघत राहिले. काका म्हणाले, "बघताय काय, उतरवा. पाउझं."

मी त्यांना तुझी गोष्ट सांगितली. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, डबा, झाकण, पाटी, सगळं हातवारे करून. बटणवालीने गाठोडी ओढली तिथे आल्यावर काकांनी टेबलावर मूठ मारली. आता ते रोज विचारतात, आत्या काय म्हणते? या खोलीत तुझं नाव आत्या असंच आहे. त्यांना वाटतं, तेच तुझं नाव आहे.

तुझी,
भिंगरी

---

२६ मे

चि. भिंगरीस,

कप फोडू नकोस. तुझ्या हातून लहानपणी किती गेलेत ते मी विसरलेले नाही.

अभिमान वाटतो गं. उगाच आडून कशाला सांगू, वाटतो. तू कायम झालीस त्याचा तर आहेच, पण जे आपल्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नाही ते तू परक्या माणसांत, परक्या भाषेत शिकलीस. दादाला मी म्हटलं, पोरगी बसायला शिकली. तो म्हणाला, त्यात काय मोठंसं? मी त्याला म्हटलं, सायकल ठेव आणि बस बघू अर्धा तास. चार मिनिटांत उठला.

इकडची बातमी. परवा गाठोड्यांच्या जागी बाकं आली. वरून. कुणी कुणाला काय सांगितलं माहीत नाही, पण शिट्टी म्हणतो त्यानेच मागणी केली होती. म्हणू दे. सुंठीवाचून खोकला गेला. टेबलाशी माझ्यासाठी एक उंच स्टूलही आलंय. बसून शर्ट तपासता येतो हे इतक्या वर्षांत कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही. पायाची सूज उतरली. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. मी त्यांना औषधाचं नाव सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

शब्द आता सगळ्या कारखान्यात पसरलाय. कापणाऱ्यांपासून घडी घालणाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी पाउझं. नवीन लागलेल्या मुलीला वाटलं की तो इथलाच शब्द आहे. आणि काल तर कहर झाला. सुट्टी झाली तरी मी एका कॉलरवर अडकले होते. शिट्टी आला आणि म्हणाला, "बाई, पाउझं." उच्चार चुकीचा होता, तोंड शेवटी मिटलं त्याने. मी सुधारून दिला. त्याने परत म्हणून दाखवला. मग मी कॉलर खाली ठेवली.

तुमच्या काकांना सांग, आत्याला एक दिवस ते मांजर बघायचंय. तोवर माझ्या बाजूनेही रोज एक पैज लावत जा, येणार म्हणून.

कागदावर हा तेलाचा डाग पडलाय तो डब्याचा. हे पत्र मी घरी लिहीत नाहीये. बाकावर बसलेय, शेजारी बटणवाली भिंतीला टेकून डोळे मिटून बसलीय, आणि माझ्या हातात धरायला पेन आहे. आतापर्यंत पुरलं ते. आता लिहायचं सगळं लिहून झालं. पेनाला टोपण लावते.

घंटा अजून झालेली नाही. बसलेय.

तुझी,
आत्या